कुत्रा गाडीत, लांडगा माळावर

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर त्याचं गाव सापडलं : यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य. कापसाची शेतं, महामार्ग, नद्या, रेल्वेचे रूळ आणि शेकडो गावांची शिवारं ओलांडत, सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोमीटरची मजल मारून हा नर बालाघाटच्या या टोकाला पोहोचला होता. त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवायचं ठरलं, चंद्रपूरहून पथक आलं आणि वाघाने त्या पथकाला महिनोन्महिने चकवलं. जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य, भोवती बार्शीची आणि धाराशिवची शेतं, आणि त्यात एक पूर्ण वाढलेला वाघ माणसाच्या नजरेआड राहत होता.

याच जिल्ह्यातल्या ढोकी गावापासून हे रान फार लांब नाही. लातूर-बार्शी रस्त्यावर मुरुड मागे पडलं की ढोकी, तेरणा साखर कारखान्याचा परिसर, मग कसबे तडवळे, आणि पुढे येडशी. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची गाडी १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली, ती याच वाटेने. आज तिच्या जागी मोठे रूळ आहेत, येडशीपाशी धुळे-सोलापूर चौपदरी महामार्ग आडवा जातो, आणि सुट्टीच्या दिवशी घरची गाडी काढून रामलिंगला, तेरला किंवा पुढे नान्नजच्या माळावर जाणारी कुटुंबं वाढली आहेत. अलीकडे त्या गाडीच्या मागच्या सीटवर बऱ्याचदा एक कुत्राही असतो.

या प्रकरणाचा विषय तोच कुत्रा आहे. त्याला सोबत घेऊन निघालेल्या माणसाला या मुलखातले प्राणी दिसतील का, कसे दिसतील, आणि त्या कुत्र्याला पाहून प्राण्यांचं काय होईल? या प्रश्नांवर भारतात झालेल्या सर्वांत महत्त्वाच्या अभ्यासांपैकी काही ढोकीहून दोन तासांत गाठता येईल अशा माळावर झाले आहेत, ही गोष्ट मराठवाड्यातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

आधी मुलूख समजून घ्यायला हवा. उष्ण कटिबंधातलं जंगल म्हटलं की डोळ्यांसमोर गर्द हिरवी झाडी येते, पण उष्ण कटिबंधाचा फार मोठा भाग कोरडा आहे आणि धाराशिव त्यात मोडतो. रामलिंगचं रान हे शुष्क पानझडी आणि काटेरी झुडपांचं. पावसाळ्यात दरीतून पाणी कोसळतं, मंदिराभोवती हिरवळ दाटते, आणि मार्चपर्यंत झाडं उघडी पडून दगड दिसू लागतात. रानाबाहेर गायरानं, बरड माळ, कुसळी गवत, बोरी-बाभळी, आणि मध्ये शाळूची, तुरीची, उसाची शेतं. सरकारी दप्तरात या माळाला कित्येक वर्षं ‘पडीक’ म्हटलं गेलं. हा शब्द या जमिनीवर मोठा अन्याय करतो. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, तरस, धाविक, चंडोल, माळढोक हे सारे याच उघड्या जमिनीचे रहिवासी आहेत. तिच्यावर झाडं लावून तिला जंगल बनवलं तर यांतले बहुतेक जण निघून जातात.

भारतातल्या लांडग्यांची संख्या साधारण दोन ते तीन हजार धरली जाते, आणि त्यांतले बहुसंख्य संरक्षित जंगलाबाहेर, शेतं आणि मेंढरांच्या सोबतीने जगतात. कायद्याने त्यांना वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण दिलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या लांडग्यांवर सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी १९९०च्या दशकात नान्नज परिसरात राहून काम केलं. उस्मानाबादी शेळी ज्या माळावर चरते त्याच माळावर लांडगा शिकार करतो, हे इथल्या मेंढपाळाला सांगावं लागत नाही. तो आपल्या कळपाबरोबर कुत्री ठेवतो ती त्यासाठीच.

म्हणजे या मुलखाला कुत्रा नवा नाही. धनगराच्या वाड्यावर रात्र जागवणारं धिप्पाड कुत्रं, शेतातल्या वस्तीवरचं गावठी कुत्रं, आणि लातूर-सोलापूर पट्ट्यात हौसेने पाळला जाणारा सडपातळ, लांबट तोंडाचा कारवान व त्याचाच झुपकेदार केसांचा भाऊ पश्मी. कारवान वाढवला गेला तो सशामागे आणि हरणामागे धावण्यासाठी. हलणाऱ्या जनावराचा पाठलाग त्याच्या रक्तात आहे, आणि तो घरातल्या गादीवर वाढला म्हणून ती ओढ जात नाही.

कुत्र्याच्या नाकाचं कौतुक खरंच आहे. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात त्या कोट्यवधींच्या घरात. जिम कॉर्बेटने आपल्या रॉबिन नावाच्या कुत्र्यावर ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या १९४४च्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण लिहिलं, कारण झुडपामागचा बिबट्या धन्याच्या डोळ्यांआधी रॉबिनच्या नाकाला कळत असे. ही शक्ती आज रानाच्या रक्षणासाठीही वापरतात. ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या भारतीय शाखेने २००८ मध्ये शिकारविरोधी श्वानपथकांचा कार्यक्रम सुरू केला. ग्वाल्हेरजवळ टेकणपूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात असे कुत्रे तयार होतात, आणि वाघाची कातडी, हाडं, रानातले फासे हुडकून काढतात. महाराष्ट्राच्या वनविभागाकडेही असे कुत्रे आहेत. अमेरिकेत सॅम्युअल वॉसर यांनी १९९०च्या दशकात कुत्र्यांना वन्यप्राण्यांची विष्ठा शोधायला शिकवलं. प्राण्याला न पकडता, न पाहताही, त्याचं खाणं, आजार आणि वंश कळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

पण या सगळ्या कुत्र्यांमागे महिनोन्महिन्यांचं शिक्षण आणि सतत सोबत असणारा हस्तक असतो. सहलीला निघालेल्या घरच्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याच्या नाकाला ससा कळेल, पण तो ससा धन्याला दिसण्याआधीच पळालेला असेल.

हे नेमकं कसं घडतं, याचा नान्नजला झालेला अभ्यास मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

बार्शीहून वैरागमार्गे सोलापूरकडे जाताना नान्नज लागतं. १९७२च्या सुमारास बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळावर माळढोक असल्याचं जगासमोर आणलं आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झालं. सुरुवातीला त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, बाजार, सगळंच आलं. नंतर ते १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आलं. माळढोक आता इथे क्वचितच दिसतो, साऱ्या देशातच तो शे-दीडशेच्या आसपास उरला आहे. मात्र त्याच्या नावाने राखलेल्या गवतात काळवीट, लांडगा आणि खोकड टिकून राहिले.

खोकड म्हणजे आपल्या पठारावरचा छोटा कोल्हा. वजन दोन-तीन किलो, मोठे कान, आणि टोकाला काळी असलेली झुपकेदार शेपटी. उंदीर, नाकतोडे, वाळवी, बोरं हे त्याचं खाणं. अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर या संशोधकांनी नान्नज परिसरात खोकड आणि मोकाट कुत्री एकमेकांशेजारी कशी राहतात हे पाहिलं. पहिली गोष्ट त्यांना दिसली ती खाण्याची. कुत्री जगतात गावातल्या उष्ट्या-खरकट्यावर, भाकरीवर, मेलेल्या जनावरांवर. खोकड जगतं उंदीर-किड्यांवर. दोघांच्या ताटात फारसं सारखं काहीच नाही. मग भांडण कशाचं?

त्यांनी एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. खोकडांसाठी खाद्याच्या थाळ्या ठेवल्या. कधी जवळ काहीच धोकादायक नव्हतं, कधी जनावराचा वास होता, कधी खराखुरा कुत्रा समोर दिसत होता. वासाने खोकडांना काही फरक पडला नाही. कुत्रा दिसत असतानाही ती थाळीपाशी येत राहिली, पण तिथे थोडाच वेळ थांबली, पुनःपुन्हा मान वर करून पाहत राहिली, आणि त्यांचं खाणं ७० टक्क्यांनी घटलं. कुत्र्याने एकाही खोकडाला स्पर्श केला नव्हता. नुसतं त्याचं तिथे असणं पुरेसं झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवून दिलं की माळावर जिथे कुत्र्यांचा वावर जास्त, तिथे खोकड आढळण्याची शक्यता कमी. अन्न मुबलक असलं तरी त्या जागा खोकडासाठी बंद झाल्या होत्या.

या प्रयोगातली ‘दिसणं’ ही बाब कुत्रा सोबत असलेल्या प्रवाशाने नीट लक्षात ठेवावी. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कडेच्या जंगलात पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्रे पट्ट्याला बांधलेले होते. कोणीही सुटं नव्हतं. तरी कुत्रा फिरवला त्या वाटांवर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. माणूस एकटा चालला तेव्हाही पक्षी विचलित झाले, पण एवढे नाही. तेव्हा ‘आमचा कुत्रा काही करत नाही’ हे धन्याचं म्हणणं खरं असू शकतं, पण जमिनीवर अंडी घालून बसलेल्या माळटिटवीला ते कळण्याचा काही मार्ग नाही. ती उठते, आरडाओरडा करते, पंख मोडल्याचं सोंग घेऊन शत्रूला दूर नेऊ पाहते, आणि तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी राहतात. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळीसच्या वर असतो.

सुट्या कुत्र्यांनी केलेलं नुकसान याहून उघड आहे. चंद्रिमा होम, यशवीर भटनागर आणि वनक यांनी देशभरातल्या नोंदी गोळा करून २०१८ मध्ये दाखवलं की भारतात कुत्र्यांनी ८० जातींच्या वन्यप्राण्यांवर हल्ले केले आहेत आणि त्यांतल्या ३१ जाती धोक्याच्या यादीत आहेत. जवळजवळ निम्मे हल्ले संरक्षित क्षेत्रांत किंवा त्यांच्या कडेला झाले होते. काळवीट ताशी ७०-८० किलोमीटरने पळू शकतं, त्यामुळे धडधाकट काळवीट सहसा कुत्र्याच्या हाती लागत नाही. लागतं ते पाडस. काळविटाची मादी पिल्लाला पहिले काही दिवस गवतात लपवून ठेवते आणि ते पिल्लू जमिनीला चिकटून निपचित पडून राहतं. बिबट्याच्या किंवा लांडग्याच्या नजरेपासून वाचण्याचा हा उपाय दहा कुत्री माळ पिंजून काढू लागली की कामाचा राहत नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती आहे रोग.

पशुवैद्य अनिरुद्ध बेलसरे यांनी वनक आणि गॉम्पर यांच्यासोबत नान्नज भागातल्याच गावांमधल्या कुत्र्यांचं आणि माळावरच्या खोकडांचं रक्त तपासलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात गावातल्या बहुतेक प्रौढ कुत्र्यांच्या रक्तात पार्वो आणि डिस्टेंपर या विषाणूंच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. खोकडांमध्येही त्या होत्या. डिस्टेंपर श्वासावाटे, शिंकेवाटे, लाळेवाटे पसरतो. पार्वोचा विषाणू विष्ठेतून मातीत पडला की तिथे महिनोन्महिने टिकतो, आणि गाडीतून खाली उतरून पाच मिनिटं माळावर शी करून आलेला कुत्राही तो मागे सोडून जाऊ शकतो.

डिस्टेंपर काय करू शकतो हे गीरने २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाहिलं. काही आठवड्यांत तिथल्या एकाच भागातले २३ सिंह मेले आणि काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. गुजरात सरकारला अमेरिकेतून लस मागवावी लागली. त्याआधी १९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत याच रोगाने सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तिथले जवळपास एक तृतीयांश, गेले होते. येडशीला आलेल्या त्या एकट्या वाघाभोवतीही गावं होती, गावांत कुत्री होती, आणि वाघाला डिस्टेंपर होऊ शकतो.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३३-अ कलमात अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आत असलेल्या पाळीव जनावरांना संसर्गजन्य रोगांविरुद्ध लस टोचण्याची तरतूद आहे. कायद्याने त्यासाठी जनावरांची नावं दिली आहेत. म्हैस, बैल, उंट, गाय, गाढव, शेळी, मेंढी, घोडा, डुक्कर, अगदी बदकं-कोंबड्याही त्यात आहेत. त्या यादीत कुत्रा नाही. रानाच्या कडेला सर्वाधिक फिरणारा आणि रानातल्या मांसाहारी प्राण्यांशी रोगांची सर्वाधिक देवाणघेवाण करणारा प्राणी यादीतून सुटला आहे. ही उणीव भरून काढायला हवी. तोवर ही जबाबदारी कुत्रा पाळणाऱ्यावरच येते.

लांडग्याच्या बाबतीत कुत्र्याचा धोका आणखी एका मार्गाने येतो. दोघं इतके जवळचे नातलग आहेत की त्यांची संतती होऊ शकते आणि ती पुढे वाढू शकते. पुण्याजवळच्या माळावर २०१४ मध्ये वेगळ्याच रंगाचे, पिवळसर अंगाचे लांडगे दिसले. पुण्याची ग्रासलँड्स ट्रस्ट, बंगळुरूच्या ‘एट्री’ आणि राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातल्या संशोधकांनी त्यांच्या केसांतून जनुकं तपासली, आणि २०२३ मध्ये भारतातल्या लांडगा-कुत्रा संकराचा पहिला जनुकीय पुरावा प्रसिद्ध झाला. कुत्री कोट्यवधी, लांडगे दोन-तीन हजार. अशा विषम संख्येत संकर वाढत गेला तर लांडग्याचा वंश विरळ होत जातो. भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या अत्यंत जुन्या शाखांपैकी एक आहे, त्यामुळे हे नुकसान साऱ्या जगाचं ठरेल.

मग माळावर दिसलेलं जनावर लांडगा की कुत्रं, हे ओळखायचं कसं? गावठी कुत्र्याचं शेपूट बहुधा वर वळलेलं असतं, लांडग्याचं खाली लोंबतं. लांडग्याचे पाय उंच, छाती अरुंद, पाठीवर काळसर केसांची झाक, डोळे पिवळसर. तो माणसाला पाहून भुंकत नाही. थांबतो, एकदा मागे वळून बघतो आणि एका लयीत, न धापा टाकता, दूर निघून जातो. कोल्हा त्याहून बुटका, तांबूस, दुडक्या चालीचा, ढोकीच्या उसाच्या फडांत संध्याकाळी त्याची कोल्हेकुई ऐकू येते. पायवाटेवरच्या धुळीत ठसे पाहिले तर श्वानकुळातल्या सगळ्यांची नखं उमटतात, मांजरकुळातल्यांची उमटत नाहीत. लांडग्याचा ठसा कुत्र्यापेक्षा लांबट आणि त्याची रांग सरळ असते, कारण कुत्रा इकडे-तिकडे हुंगत भटकतो आणि लांडगा कुठेतरी जायला निघालेला असतो. तरसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे असतात आणि त्याची वाळलेली विष्ठा चुन्यासारखी पांढरी दिसते. तो हाडं चावून खातो, त्यातलं कॅल्शियम.

माळावर कुत्री एवढी वाढली कशी, याचं उत्तर रामलिंगलाच मिळतं. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूने इथे अडवलं आणि तो इथेच पडला, अशी या परिसराची श्रद्धा आहे. जटायूचे वंशज म्हणावेत अशी गिधाडं एकेकाळी मराठवाड्यात गावोगावच्या हाडकीवर थव्याने उतरत. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. तोवर मेलेल्या गुरांचं मांस उघड्यावर राहू लागलं होतं आणि ते खायला कुत्री आली. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार गिधाडं गेल्यामुळे १९९२ ते २००६ दरम्यान देशातली कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली आणि त्यांच्या चाव्यांतून रेबीजचे ४७ हजारांहून अधिक जादा बळी गेले. औषधाच्या एका कुपीपासून निघालेला धागा गिधाडापर्यंत, तिथून कुत्र्यापर्यंत, आणि कुत्र्यापासून खोकडापर्यंत आणि माणसाच्या मुलापर्यंत जातो.

एवढं सगळं ठाऊक असूनही कुत्र्याला घेऊन निघता येतं, आणि चांगलं पाहताही येतं. त्यासाठी गाडीचा नीट उपयोग करायला हवा.

पायी चालणाऱ्या माणसाची उभी आकृती प्राणी लांबून ओळखतात. रस्त्याकडेला शांत उभी असलेली गाडी त्यांना तितकी धोक्याची वाटत नाही. इंजिन बंद करून, काचा थोड्याच खाली करून, अर्धा तास थांबलं तर ढोकी ते येडशी, ढोकी ते तेर, किंवा पुढे वैराग ते नान्नज या डांबरी रस्त्यांवरूनच पुष्कळ दिसतं. तारेवर बसलेला नीलपंख, बाभळीच्या काट्याला नाकतोडा टोचून ठेवणारा खाटीक, नांगरटीतून धावत सुटणारे धाविक, बांधावर उभं राहून पाहणारं मुंगूस. कुत्रा मागच्या सीटवर बांधलेला, काचेच्या पातळीखाली आणि शांत हवा. नान्नजच्या प्रयोगात फरक पडला तो कुत्रा दिसण्याने, आणि गाडीत आडवा झालेला कुत्रा बाहेरच्या खोकडाला दिसत नाही. जो कुत्रा प्रत्येक हालचालीवर भुंकतो त्याला मात्र घरीच ठेवलेलं बरं. अशा सोबतीत ना प्राणी दिसतात, ना कुत्र्याला सुख मिळतं.

ऋतू निवडायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मध्य आशियातून आलेले भोवत्या ससाणे तेव्हा गवतावरून अगदी खालून तरंगत नाकतोडे टिपतात. शाळू निसवला की भोरड्यांचे गुलाबी-काळे थवे शेतांवर उतरतात, शेतकरी गोफण घेऊन मचाणावर चढतो, आणि संध्याकाळी तेच थवे आभाळात एकसंध वळणं घेताना पाहून रस्त्यावरची माणसं गाडी थांबवतात. तेरजवळच्या तेरणा प्रकल्पाच्या जलाशयावर हिवाळी बदकं येतात. कुत्र्याला पाण्याचा मोह फार. इथे त्याला पट्ट्याशिवाय उतरवलं तर काठावर विसावलेला थवा उडतो, आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला विश्रांतीतून उठवण्याची किंमत त्याच्या साठवलेल्या चरबीतून जाते.

अंधार पडल्यावर वेग कमी ठेवावा. दिवसभर तापलेल्या डांबरावर रातवे बसतात आणि दिव्याच्या झोतात त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. ससा, खोकड, रानमांजर, साळिंदर हेही याच वेळी रस्ता ओलांडतात, आणि चौपदरी महामार्ग झाल्यापासून त्यांचं मरण्याचं ठिकाण बऱ्याचदा तोच ठरतो. मोठ्या रस्त्याऐवजी जुना, अरुंद रस्ता धरावा. जास्त दिसतं आणि कमी मरतं.

अभयारण्याच्या हद्दीत पाळीव कुत्र्याला नेता येत नाही. रामलिंगच्या दर्शनाला जायचं असेल तर कुत्र्यासोबत घरातल्या एका माणसाने येडशीत सावलीला थांबावं, किंवा त्या दिवशी कुत्रा घरी राहावा. गाडीत बंद करून जाणं हा पर्याय नाही. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी चढू शकतं. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि गरम हवेत ते जमत नाही. काच दोन बोटं उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

माळावर उतरवायचंच तर आखूड पट्ट्यावर, वाटेवर. हे जितकं चिंकारासाठी, तितकंच कुत्र्यासाठी. घोणस आणि फुरसं या मुलखात भरपूर आहेत आणि गवतात नाक खुपसणाऱ्या कुत्र्याला चावा बहुधा तोंडावर बसतो. फिरून आल्यावर कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी तपासाव्यात. विष्ठा पिशवीत भरून परत आणावी, गवतात सोडू नये. पार्वोचं कारण वर आलंच आहे. आणि रात्री मुक्काम असेल तर कुत्रा खोलीच्या आत हवा. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाने ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा होता ११. उसाच्या पट्ट्यात अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला बोलावणं.

पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला माळरानाची सफारी सुरू केली आहे. गाडीतून, ठरलेल्या वाटेने, स्थानिक वाटाड्यासोबत लांडगा आणि चिंकारा पाहायला लोक पैसे देऊन येतात आणि त्या पैशातला वाटा गावात राहतो. ‘पडीक’ म्हटलेल्या जमिनीला मिळालेला हा मान धाराशिवच्या गायरानांनाही मिळायला हवा, इथे दाखवण्यासारखं कमी नाही.

कुत्र्याला घेऊन निघण्याआधी पशुवैद्याकडे जावं. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्वोच्या एकत्रित लसीचे डोस सुरू होतात, साधारण तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे दरवर्षी. ही लस घेऊन किमान दोन आठवडे झाल्यावरच रानाकडे गाडी वळवावी. आणि जमलं तर आपल्या गल्लीतल्या, शेतवस्तीवरच्या दोन गावठी कुत्र्यांनाही तीच लस टोचून घ्यावी, कारण माळावर रोज जातात ती तीच कुत्री.